तानूबाईचा हवालदार

गडमुडशिंगीच्या तानूबाईनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नाही. त्या पिढीतली कुठलीच बाई काढत नसे. कुणी नुसतं ‘अवो’ म्हणे, कुणी थोरल्या पोराच्या नावानं हाक मारी, कुणी बांगड्या वाजवून काम भागवी. तानूबाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं पोराच्या नावाची सोय नव्हती. पण नवरा पलटणीत पट्टे मिळवून रजेवर आला आणि तिची अडचण कायमची मिटली. ती त्याला ‘हवालदार’ म्हणू लागली. “हवालदार, भाकरी वाढलीया.” “हवालदार, म्हस पान्हवंना झालीया, जरा बघा की.” लष्करानं दिलेला तो हुद्दा चुलीपासून गोठ्यापर्यंत दिवसभर वाजत राहायचा, आणि नवऱ्याला, कृष्णात सोनुलेला, ते आवडायचं. तोंडानं कधी बोलला नाही, पण आवडायचं.

कृष्णात दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत भरती झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या आधी जाऊन आलेल्या पोरांनी त्याला पढवून ठेवलं होतं, साहेबानं वय विचारलं की एकोणीस सांग, छाती फुगव आणि डोळे खाली करू नको. त्यानं तिन्ही गोष्टी केल्या. वस्तीतली सगळीच पोरं वय वाढवून सांगत. वय वाढवल्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पोटाला मिळत होतं, अंगावर कापड मिळत होतं. गावात ज्यांना पाटलाच्या चावडीपुढून पायताण हातात घेऊन जावं लागे, त्यांना तिथं बूट घालून परेड करायला मिळत होती. पण सरकार कागदावर एकदा लिहिलेलं विसरत नाही. माणसाच्या आईला त्याचा जन्म कधीचा ते आठवत नसेल, सरकारला मात्र त्याचं खोटं वय शेवटपर्यंत आठवतं.

पंधरा वर्षं नोकरी करून कृष्णात पेन्शन घेऊन गावी आला. पेन्शन बेताचीच. तेवढ्यावर भागेना म्हणून तो कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका गुळाच्या अडत्याच्या वखारीवर राखणदार राहिला. त्यात बरीच वर्षं गेली. पुढं माजी सैनिकांना वयाची सवलत मिळते असं कळलं आणि शाहूपुरीतल्याच एका सरकारी कचेरीत तो शिपाई म्हणून लागला. साल त्र्याहत्तर. घरात दोन पैसे जास्त येऊ लागले आणि तानूबाईनं म्हैस घेतली.

शिपायाचं काम काय, ते सांगायला नको. घंटी वाजली की उठायचं, फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची, चहा सांगायचा, माठ भरायचा. त्यानं भरलेल्या माठातलं पाणी कचेरीतले काहीजण पीत नसत. घरून तांब्या आणत आणि विचारलं तर पथ्य आहे म्हणत. त्यांचं ते पथ्य कृष्णाताला पक्कं ठाऊक होतं. छप्पन सालानंतर वस्तीनं भिंतीवरचे जुने देव उतरवले होते, बुद्धाची तसबीर लावली होती, पण ह्या लोकांचं पथ्य काही उतरलं नव्हतं. तो मुकाट्यानं माठ भरायचा. एवढं सोसायला त्याच्याकडं महिन्याचा एक दिवस होता.

तो दिवस पेन्शनीचा. त्या दिवशी तो रजा टाकायचा, कोट चढवायचा, छातीवर बिल्ले लावायचा आणि अल्लाउद्दीन मुलाण्याबरोबर चालत कोल्हापूरला ट्रेझरीत जायचा. अल्लाउद्दीन त्याच गावचा, पलटणीत गाडी चालवलेला, तोंडाचा फाटका आणि मनाचा मोकळा. ट्रेझरीत लष्करी पेन्शनरांची रांग वेगळी लागायची. तिथला म्हातारा कारकून स्वतः पलटणीतून आलेला. तो नुसती नावं पुकारत नसे, हुद्द्यासकट पुकारायचा, आणि ज्याचं नाव येईल त्यानं दोन्ही टाचा जुळवून उत्तर द्यायचं असा तिथला शिरस्ताच पडला होता.

“हवालदार कृष्णात सोनुले!”

“हजर!”

टाचा वाजायच्या. व्हरांड्यात बसलेली माणसं वळून बघायची. पैसे किती हातात पडतात ह्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. खरंच नव्हतं. त्या एका हाकेसाठी तो महिनाभर घंटीला उठायचा.

पंच्याहत्तर साली कचेरीनं त्याला नोकरीत कायम केलं, आणि महिनाभरानं हेडक्लार्कनं त्याला बोलावून समोर बसवलं. माणूस सरळ होता. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. “हे बघा सोनुले, सरकारी पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. कागदावर तुमचं जे वय आहे त्या हिशेबानं तुम्ही साठीला याल तेव्हा तुमची इथली नऊच भरतात. म्हणजे इथली पेन्शन तुम्हाला बसत नाही. पण तुमची लष्करातली पंधरा वर्षं ह्या नोकरीत मिळवता येतात. मिळवली तर सगळी मिळून एकच पेन्शन होईल, आजच्यापेक्षा बरी होईल, आणि मुख्य म्हणजे तुमच्या माघारी तुमच्या बायकोला चालू राहील. लष्कराची जी आज घेताय, ती तुमच्याबरोबरच बंद होणारी आहे.”

“मग भरा की सायेब,” कृष्णात म्हणाला.

“ऐकून घ्या. मिळवायची तर लष्कराची पेन्शन सोडावी लागेल. आजपासून बंद. सुटताना मिळालेली रक्कम आणि इथं लागल्यापासून घेतलेली पेन्शन पगारातून तीन वर्षं हप्त्यानं परत भरायची. आणि एकदा सही केली की माघारी नाही. तीन महिन्यांत काय ते सांगा.”

कृष्णात उठून बाहेर आला. नऊ वर्षं! भरतीच्या मैदानात छाती फुगवून सांगितलेली ती तीन जादा वर्षं आता पुढं येऊन उभी राहिली होती. खरं वय सांगितलं असतं तर इथं बारा भरली असती, काही सोडावं लागलं नसतं, लष्कराची पेन्शन लष्कराची आणि कचेरीची कचेरीची. पण खरं वय सांगितलं असतं तर भरतीच झाली नसती. राग काढायचा तर कुणावर काढायचा?

घरी आल्यावर त्यानं तानूबाईला अर्धंच सांगितलं. पेन्शन मिळवता येते, पण पैसे परत भरावे लागतात, आपल्याला झेपायचं नाही, असं म्हणून तो हात धुवायला उठला. तानूबाई अडाणी असली तरी बावळी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं अल्लाउद्दीनच्या रोशनबीला गाठलं, रोशनबीनं अल्लाउद्दीनला विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत उरलेलं अर्धं तानूबाईच्या पदरात येऊन पडलं. माघारी बायकोला चालू राहील, हे.

हा शब्द तानूबाईनं इतका घट्ट का धरून ठेवला, ते समजायला चिमणाबाई माहीत पाहिजे. चिमणाबाई त्यांची शेजारीण. तिचा नवरा दादासो बनसोडे पलटणीत नाईक होता, पेन्शनीवर घर चाललं होतं, आदल्या वर्षी तो अचानक गेला. दिवस घातल्यावर चिमणाबाई त्याचे कागद फडक्यात बांधून ट्रेझरीत गेली. तिला वाटलं आता आपल्या नावानं मिळेल. कारकुनानं हळहळून सांगितलं की चौसष्ट सालाआधी सुटलेल्या जुन्या लोकांच्या बायकांना पेन्शनीचा नियमच लागू नाही. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या खळ्यावर सांडलेले दाणे वेचून आणायची. कधीमधी तानूबाईच्या मागल्या दारी येऊन उभी राहायची, पदराखाली वाटी धरून. मागायची नाही. नुसती म्हशीला किती दूध आहे ते विचारायची. ज्या बाईनं नवऱ्याच्या पेन्शनीच्या दिवशी आख्ख्या वस्तीला चहा पाजला, तिनं असं वाटी झाकून उभं राहावं, हे तानूबाईला बघवत नसे.

“हवालदार,” भाकरी थापताथापता तानूबाई म्हणाली, “सही करून टाका.”

“हप्तं कोण भरणार? तुझा बा?”

“मी भरतो. गुऱ्हाळावर जातो की. मला काय हात न्हाईत?”

“आगं, पगार निम्मा हुईल. वरची पेन्शन बंद हुईल. तीन वर्सं काढायची कशी?”

“म्हशीवर काढायची. मिरचीवर काढायची. मला काय बी सांगू नगासा. तुमास्नी काय व्हावं असं मी म्हणत न्हाई, तोंडात माती पडू दे माझ्या. पर झालंच तर? ना लेक, ना ल्योक. मला चिमणाबाई करू नगासा, येवढंच मागतो.”

कृष्णात तिच्या अंगावर खेकसला आणि बाहेर निघून गेला. पुढचे दोन महिने असेच गेले. विषय निघाला की तो उठायचा. खरं कारण त्याला सांगता येत नव्हतं, कारण ते त्यालाच लाजिरवाणं वाटत होतं. बायकोच्या पोटापुढं हाक मोठी होते का? पण होत होती. सही केली की त्या रांगेतलं नाव जाणार. पंधरा वर्षांची पलटण जाऊन मिळणार कुठं, तर माठ भरण्यात. उद्या कचेरीतून सुटला की तो शिपाई म्हणून सुटणार, शिपाई म्हणून पेन्शन घेणार आणि शिपाई म्हणून मरणार.

मुदत संपत आली तशी एका सकाळी, म्हशीची धार काढून झाल्यावर, तानूबाई त्याच्यापुढं चरवी घेऊन उभी राहिली. “आज काय ते सांगा. पैशाचं न्हाई हे मला कळतंय. दुसरं काय हाय?”

त्यानं खाली बघत सांगितलं. “नाव जाईल गं माझं. हवालदार म्हणून कोण पुकारणार न्हाई. नुसता शिपाई व्हईन.”

तानूबाईनं चरवी खाली ठेवली. मग हसली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं. “येवढंच व्हय? आवो, मी हाय की. मला हवालदार म्हणायला सरकारचा हुकूम लागतोय व्हय? मरस्तोवर म्हणतो. जावा, करा सही.”

त्या दिवशी त्यानं कचेरीत जाऊन सही केली.

पुढच्या महिन्यात पेन्शनीचा दिवस आला. सवयीनं त्यानं कोट काढला, मग खुंटीला परत लावला आणि कचेरीत गेला. अल्लाउद्दीन एकटाच ट्रेझरीत जाऊन आला. हॉटेलात चहा पिताना कुणी विचारलं तेव्हा तो सहज बोलून गेला, की कृष्णानं पलटणीची पेन्शन सोडली, शिपायाची धरली. त्याच्या मनात काही नव्हतं. पण गावच्या हॉटेलात पडलेला शब्द उचलायला माणसं टपलेली असतात. ज्यांच्या पोटात ह्या माणसाला इतकी वर्षं हवालदार म्हणताना दुखत होतं, त्यांना आयतंच औषध मिळालं. “काय शिपाई, सुटली का कचेरी?” अशी हाक चावडीपुढून यायला लागली. काही दिवसांनी ते चिडवणंही राहिलं नाही, नावच झालं.

तानूबाईनं मात्र बोललेलं पाळलं. आधी ती घरातल्या घरात हाक मारायची, आता मुद्दाम विहिरीवरून, रस्त्यातून, चार माणसांत गळा ताणून मारायची. “हवालदाऽर, वैरण आणलीसा का?” चावडीवरची माणसं गालात हसायची. कृष्णात मान ताठ करून चालायचा.

हप्ते सुरू झाले. ती खरोखरच गुऱ्हाळावर जाऊ लागली. ओली चिपाडं पसरून वाळवायची, भारे बांधून काहिलीखालच्या चुलवाणाशी नेऊन टाकायचे, दिवसभर धूर आणि वाफ. हंगाम संपला की मिरच्या खुडायला. दुसऱ्या हंगामात म्हैस विकली, कारण तिच्या मागं राबायला घरात माणूसच उरलं नाही. तिसऱ्या हंगामात तानूबाईला खोकला लागला. आधी तिनं तो धुराचा म्हटला. मग मिरचीचा म्हटला. कृष्णात म्हणायचा, आता गुऱ्हाळ सोड. ती म्हणायची, थोडंच ऱ्हायलंय, फेडून मोकळी हुतो. फेड झाली त्या महिन्यात तिनं रोशनबीला आणि चिमणाबाईला बोलावून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, आणि तिला स्वतःला एक घास गिळता आला नाही.

मग दवाखाने झाले. सुया झाल्या, फोटो काढला, डॉक्टरांनी छाती कामातून गेली म्हणून सांगितलं. कचेरीतून आला की कृष्णात चूल पेटवायचा, पेज करायचा, तिच्या पाठीला तेल लावायचा. पाठ म्हणजे नुसती हाडं. तेल लावताना त्याला पुनःपुन्हा एकच गोष्ट कळायची, की आपल्या माघारी हिला खायला मिळावं म्हणून हिनं आपल्यादेखत स्वतःला खाल्लं. आपण सही केली नसती तर ही आज म्हशीमागं धावत असती. आपण सही दोन महिने आधी मनापासून केली असती, हिला हप्त्याचा धाक घातला नसता, तरी कदाचित ही इतकी राबली नसती. कुठल्या बाजूनं धरावं तेच त्याला समजेना.

एकदा दुपारी तिनं विचारलं, “हवालदार, म्हस बांधली का?” म्हैस विकून चार वर्षं झाली होती. तो म्हणाला, “बांधली की.” ती बरं म्हणाली आणि डोळे मिटून पडली. संध्याकाळी चिमणाबाई पेज घेऊन आली तेव्हा तिनं हात लावून बघितलं आणि हंबरडा फोडला.

साल ऐंशी चालू होतं. कृष्णात पुढं दोन वर्षांनी कचेरीतून सुटला. नारळ मिळाला, हार मिळाला, घरून तांब्या आणणाऱ्यांनीही भाषणं केली. पेन्शन हेडक्लार्कनं सांगितली होती तशीच मिळाली, आधीच्यापेक्षा बरी. माघारी बायकोला चालू राहणारी. घरात माघारी राहायला चूल आणि खुंटीवरचा कोट एवढंच होतं.

ट्रेझरीत आता तो दुसऱ्या रांगेत उभा राहायचा. तिथं नंबर पुकारायचे. शेजारच्या रांगेतून अल्लाउद्दीन हाक मारायचा, “कृष्णा, झालं का रं?” जुना कारकून अजून होता, अजून हुद्द्यासकट पुकारत होता. दुसऱ्या कुणाच्या नावापुढं हवालदार आलं की कृष्णाताच्या टाचा आपोआप जवळ यायच्या. एकदा अल्लाउद्दीननं ते पाहिलं. दोघांनीही दुसरीकडं बघितलं. पुढं अल्लाउद्दीनही पोराकडं मिरजेला राहायला गेला आणि कृष्णात एकटाच जाऊयेऊ लागला.

आणि मग शहाऐंशीच्या सुमाराला सरकारला जाग आली. जुन्या पेन्शनरांच्या बायकांनाही, नवरा कधी का सुटलेला असेना, पेन्शन द्यायची असं ठरलं. कोर्टाचा काहीतरी निकाल होता म्हणे. ही बातमी कृष्णातानं कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून ऐकली आणि तो तिथंच पायरीवर बसला. म्हणजे काही सोडायची गरज नव्हती. काही फेडायची गरज नव्हती. नुसतं जगून वाट बघायची होती. सरकारी नियम असा माणसं संपल्यावर दारात येतो आणि कुणी आहे का घरात म्हणून विचारतो.

चिमणाबाई मात्र होती. कंबरेत वाकलेली, डोळ्यांनी अधू. तिला ह्यातलं काही कळत नव्हतं. कृष्णातानं तिचे फडक्यातले कागद काढले, तिला एसटीत बसवलं आणि ट्रेझरीत नेलं. म्हातारा कारकून आता नव्हता. खिडकीत एक नवा तरुण कारकून बसला होता.

“मावशी, मालकांचं नाव?”

चिमणाबाईनं मान खाली घातली. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण नाव कसं घ्यायचं?

“नाव सांगा मावशी. त्याशिवाय पुढं कसं जायचं?”

तिनं पदर तोंडाला लावला आणि कृष्णाताकडं बोट केलं. “ह्यास्नी इचारा.”

कृष्णात पुढं झाला. त्याच्या टाचा जुळल्या. “नाईक दादासो तुकाराम बनसोडे!” असा आवाज निघाला की व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. दादासो बनसोडे मरूनसुद्धा नाईकच होता. त्याचा हुद्दा कुणी काढून घेतला नव्हता. कृष्णाताला दिसलं, आपण आधी गेलो असतो आणि ती सही झाली नसती, तर आज इथं तानूबाई उभी असती. अशीच मान खाली घालून, अशीच पदर तोंडाला लावून. कारकुनानं नाव विचारलं असतं. तिनं नाव काही सांगितलं नसतं, नुसता हुद्दा सांगितला असता, आणि कागदावरही तो खरा ठरला असता.

कारकुनानं लिहून घेतलं. मग मान वर करून त्यानं कृष्णाताला आदरानं विचारलं, “आणि पावणं, आपण कोण?”

कृष्णातानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. पण तो म्हणणारं माणूस आता जगात नव्हतं, आणि स्वतःच स्वतःला तो कसा म्हणायचा हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

“मी शेजारी हाय ह्यांचा,” तो म्हणाला, आणि चिमणाबाईचा हात धरून पायऱ्या उतरू लागला.